जेलरोडमार्गे आलेला रेणू

माझ्या मुलाखतीत सरांनी मला रसायनशास्त्रातला एकही प्रश्न विचारला नाही.

"कुठून आलात?" त्यांनी विचारलं.

"येवल्याहून."

"तसं नको. कुठून कुठून आलात?"

मी गडबडले. एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवून, रात्रंदिवस घोकंपट्टी करून मी तिथे बसले होते आणि समोरचा माणूस एसटीचा मार्ग विचारत होता. पण नोकरी हवी होती, म्हणून सांगितलं. येवल्याहून सकाळची गाडी, मग विंचूर, निफाड, चांदोरी, नाशिकच्या द्वारका चौकात उतरले, तिथून रिक्षा, ती बदलून सातपूर.

"निफाडला गाडी थांबली तेव्हा खिडकीशी काय विकायला आलं?"

"उकडलेल्या शेंगा."

"घेतल्या?"

"घेतल्या. खारट होत्या."

सर खुर्चीत मागे रेलले आणि शेजारी माझी गुणपत्रिका चाळत बसलेल्या साहेबांना म्हणाले, "ही चालेल. हिला वाट लक्षात राहते." साहेब म्हणजे आमच्या कंपनीचे नाशिकचे प्रमुख. त्यांनी कपाळाला हात लावला, पण सही केली. घरी आईने विचारलं, "कशावर मिळाली गं नोकरी?" मी सांगितलं, "शेंगांवर." तिचा आजही विश्वास नाही.

त्या दिवसापासून सरांच्या लेखी माझं नाव 'व्हाया निफाड'. सरांना नावं लक्षात राहायची नाहीत. सख्ख्या भाच्यालाही ते 'मनमाड-भुसावळ' म्हणत, कारण तो शिकायला तिकडे जायचा. रेणूंची वजनं करायच्या मशीनवर बसणारे शकीलभाई मालेगावचे, म्हणून ते 'मालेगाव-चांदवड'. साहेब 'पुणे-संगमनेर', पण हे फक्त त्यांच्या पाठीमागे. साहेबांना ते माहीत होतं.

सर तेव्हा साठीला टेकले होते. काटकुळे, उंच, शर्टाचा खिसा कायम पेनांनी फाटलेला. मूळचे देवळ्याचे, आई तिथल्या शाळेत मास्तरीण. आता जेलरोडच्या एका कॉलनीत राहत. घरात बाबासाहेबांचा मोठा फोटो आणि त्याखाली सरांनी लावलेलं मूलद्रव्यांचं कोष्टक. काकू नर्स होत्या, त्यांची ड्युटी पहाटेची, म्हणून डबा सर स्वतः करत आणि तो उत्तम करत. "आयुष्यभर रसायनं ढवळली आणि भाजी ढवळता येत नाही, असा केमिस्ट मी कामावर घेत नाही," असं ते म्हणत. मुलाखतीत मात्र त्यांनी भाजीचंही काही विचारलं नव्हतं. विसरले असावेत.

आमचं काम सांगायला सोपं होतं, करायला किचकट. औषध होऊ शकतील असे नवे रेणू करायचे, आणि ते एकेक नाही, शेकड्यांनी. त्यातला कुठला उपयोगी पडेल हे आधी कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून पुष्कळ करायचे आणि गिऱ्हाईक कंपनीकडे तपासायला पाठवायचे. त्यासाठी जाळीच्या छोट्या डब्या असत, करंगळीच्या पेराएवढ्या. डबीत रव्यासारखे बारीक पांढरे मणी. रेणू त्या मण्यांना धरून वाढायचा. सगळ्या डब्या वेगवेगळ्या फ्लास्कमध्ये वाटायच्या, पहिलं रसायन जोडायचं. मग सगळ्या एकत्र करून धुवायच्या. पुन्हा वेगळ्या रीतीने वाटायच्या, दुसरं जोडायचं. पुन्हा एकत्र, पुन्हा तिसरं. शेवटी हाती यायच्या तीनशेच्या वर डब्या, प्रत्येकीत वेगळा रेणू, आणि दिसायला सगळ्या एकसारख्या.

म्हणून प्रत्येक डबीत मण्यांबरोबर एक चिप असायची. तांदळाच्या दाण्याएवढी, काचेत बंद केलेली. डबी कुठल्या पायरीला कुठल्या फ्लास्कमध्ये गेली हे त्या चिपमध्ये नोंदलं जायचं. रीडरवर डबी धरली की टुक असा आवाज व्हायचा आणि स्क्रीनवर तिचा सगळा प्रवास उमटायचा: पायरी एक, पायरी दोन, पायरी तीन.

हे सर मला प्रयोगशाळेत शिकवू शकले असते. त्यांनी पहिल्याच दिवशी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि सातपूरहून थेट द्वारकेच्या चौकात नेलं. एका टपरीवर चहा सांगितला आणि समोरच्या गर्दीकडे बोट केलं. "यातला धुळ्याहून कोण आला, पुण्याहून कोण आला, सांग."

"कसं सांगणार, सर?"

"नाहीच सांगता येणार. विचारावं लागतं." आणि त्यांनी खरोखरच पिशवी घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्याला थांबवलं. "बाबा, कुठून कुठून आलात?"

म्हातारा जरा बिचकला. "देवळाथून. चांदवड, पिंपळगाव करीसन. पोरकडे जाई ऱ्हायनू. काय व्हयनं?"

देवळ्याचं नाव ऐकताच सरांचा चेहरा उजळला. "मी बी देवळानाच शे, बाबा," ते म्हणाले, आणि दोघांनी अहिराणीत जे काही सुरू केलं ते अर्धा तास संपलं नाही. मध्ये त्या बाबांसाठीही चहा आला. माझं प्रशिक्षण तेवढंच झालं. पण खरं सांगायचं तर त्यानंतर मला त्या चिपांबद्दल वेगळं काही शिकावं लागलं नाही.

सरांची सगळ्यात कुप्रसिद्ध सवय म्हणजे हजेरी. रोज सकाळी आल्या आल्या ते रीडरच्या खोलीत बसत. चपला काढून, मांडी घालून, खुर्चीवरच. समोर डब्यांचा ट्रे. एकेक डबी उचलायची, रीडरवर धरायची आणि विचारायचं, "शे का?" म्हणजे आहेस का? टुक. "शाबास." पुढची. "शे का?" टुक. आख्खा ट्रे एका दमात वाचायची सोय त्या रीडरमध्ये होती. सरांना ती नामंजूर होती.

"एकदम विचारलं की गर्दी उत्तर देते," ते म्हणत. "माझी आई पाऊणशे पोरांची हजेरी घ्यायची, एकेकाचं नाव घेऊन. कोण आलंय हे पोरांनाही माहीत असायचं. तिचं लक्ष कोण आलं नाही तिकडे असायचं."

साहेब त्या हजेरीवर वैतागलेले असत. सकाळचा तास फुकट जातो म्हणत. आम्ही सगळे चेष्टा करायचो. शकीलभाई तर आपल्या मशीनला रोज दुरूनच हाक मारायचे, "क्या रे, शे का?" आणि मशीन सुरू व्हायला वेळ लागला की म्हणायचे, "सर, ये बच्चा गैरहाजिर है." सर गंभीरपणे म्हणायचे, "घरी निरोप पाठवा."

आणि एवढी हजेरी घेणारा हा माणूस स्वतः पराकोटीचा विसरभोळा होता. छत्री सिटी बसमध्ये, चष्मा दुसऱ्याच्या टेबलावर, स्कूटरची किल्ली स्कूटरलाच. यावर त्यांनी उपाय काढला. जुन्या, बाद झालेल्या चिपा गोळा केल्या आणि आपल्या सगळ्या वस्तूंना एकेक लावली. प्रत्येकीत त्या वस्तूचा मार्ग लिहिला. मी एकदा विचारलं, "सर, छत्री ज्याला सापडेल त्याच्याकडे रीडर कुठून येणार?"

त्यांनी थोडा विचार केला. "तो त्याचा प्रश्न आहे."

डब्याचं प्रकरण सगळ्यात वरचं. लेकीने दिलेला काचेचा डबा, झाकणावर मेणाने चिकटवलेली चिप. सकाळी आले की आधी डबा रीडरवर ठेवून त्या दिवसाची भाजी टाईप करायचे. दुपारी जेवायच्या आधी डबा पुन्हा रीडरवर. टुक. स्क्रीन वाचून खूश होऊन म्हणायचे, "अरे वा, आज मेथी." मेथी त्यांनीच केलेली, त्यांनीच टाईप केलेली. आनंद मात्र दरवेळी नवा असायचा.

मायक्रोवेव्हमध्ये चिप मरते हे त्यांना पक्कं माहीत होतं. म्हणून डबा गरम करण्याआधी ते चिप काढून बाजूला ठेवत आणि नंतर परत लावत. एकदाच विसरले. एका शुक्रवारी पॅन्ट्रीत कडकन ठिणगी उडाली, धुराची घंटा वाजली, साहेब जिन्यावरून धावत खाली आले आणि सुरक्षा अधिकाऱ्याने आम्हा सगळ्यांना गेटबाहेर उन्हात उभं केलं. चौकशीत निघालं पिठलं आणि त्यावरची काळी पडलेली चिप. सरांना ताकीद मिळाली. त्यांनी ती मेलेली चिप पुसून पुन्हा झाकणाला लावली. "कामावर असताना गेली बिचारी," म्हणाले. आम्ही पुढे महिनाभर त्यावर हसलो. त्या ठिणगीत आमच्या सगळ्यांच्या नोकऱ्या अडकल्या आहेत हे तेव्हा कोणाला माहीत होतं?

आमचा विभाग तेव्हा डबघाईला आला होता. मुंबईच्या मालकांना हे चिपांचं काम जुनाट आणि खर्चिक वाटायचं. त्यांनी साहेबांना स्वच्छ सांगितलं होतं की हैदराबादच्या गिऱ्हाईक कंपनीने पुढची ऑर्डर दिली तर ठीक, नाहीतर विभाग बंद. सरांना निवृत्तीच्या वर्षभर आधीच घरी पाठवणार होते, आणि आम्हा बाकीच्यांना दुसऱ्या कारखान्यात भरणी-पॅकिंगला. मी नुकतीच सातपूरला एक खोली घेतली होती आणि भावाला शिकायला तिथे आणलं होतं. मला पॅकिंगला जायचं नव्हतं. आणि खरं कारण सांगू का, मला सरांना सोडून जायचं नव्हतं.

हैदराबादला पाठवलेला संच हा आमचा सगळ्यात मोठा होता. शेवटच्या टप्प्यात रेणू मण्यांवरून सोडवून काचेच्या छोट्या कुपीत भरायचा आणि डबीतली चिप काढून त्याच कुपीच्या बुडाला चिकटवायची. कुपीवर कागदी लेबल लावायला सरांची सक्त मनाई होती. "कागद भिजतो, शाई पुसते, माणूस तीनाचं आठ वाचतो. चिप खोटं बोलत नाही." चिपा चिकटवायचं काम ते दुसऱ्या कोणालाही देत नसत. एका गुरुवारी त्यांनी ते दिवसभर बसून केलं, आणि शुक्रवारी सकाळी संच गेला.

काही महिन्यांनी हैदराबादहून एक छोटं पार्सल आलं. आत एकच कुपी, तळाशी चिमूटभर पांढरी पूड, आणि सोबत तिथल्या मॅडमचा निरोप: साऱ्या संचात हा एक रेणू अफलातून निघाला आहे, तो नेमका कोण ते कळवा आणि जास्त प्रमाणात करून पाठवा, मग पुढच्या ऑर्डरचं बोलू.

साहेबांनी स्वतःच्या पैशाने चिवडा आणि पेढे मागवले. आम्ही सगळे रीडरच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिलो. सरांनी चपला काढल्या, मांडी घातली, कुपी रीडरवर धरली. "शे का?"

टुक.

स्क्रीनवर अक्षरं आली. पायरी एक: जेलरोड. पायरी दोन: द्वारका. पायरी तीन: सातपूर. शेरा: भरलं वांगं, दोन भाकऱ्या.

साहेबांचा हात पेढ्यासकट हवेत राहिला. शेवटी शकीलभाईंनी घसा खाकरला. "सर, हे दवाई हाय का भाजी?"

सर स्क्रीनकडे बघत राहिले आणि मग हळूहळू सगळं उलगडलं. त्या गुरुवारी चिपा चिकटवता चिकटवता जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी डबा गरम करायला नेताना झाकणावरची चिप काढून समोरच्या बशीत ठेवली. त्याच बशीत हातातल्या कुपीची चिप होती. जेवून आल्यावर बशीतली एक चिप डब्याला लावली आणि दुसरी कुपीला. डब्याची चिप हैदराबादला गेली. रेणूची चिप जेलरोडला गेली. हजेरी त्यांनी चिकटवण्याच्या आधी घेतली होती, नंतर घ्यायची राहिली.

"म्हणजे खरी चिप तुमच्या डब्यावर आहे," मी म्हणाले. "सर, डबा कुठाय?"

डबा समोरच होता. सरांनी तो रीडरवर ठेवला. "शे का?" काही वाजलं नाही. मग मला आठवलं. दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार, पिठलं, ठिणगी, गेटबाहेरचं ऊन. संच पाठवायच्या धांदलीत त्या दिवशी डबा रीडरवर धरायचाच राहिला होता. जी चिप मेली म्हणून आम्ही महिनाभर हसलो होतो, ती डब्याची नव्हतीच.

साहेब खाली बसले. त्यांचा आवाज अगदी मऊ झाला होता. "सांगून टाकू की कुपी प्रवासात सांडली."

"साहेब, कुपी त्यांनीच पाठवलीय," मी म्हणाले.

"मग सांगू, चिप बिघडली."

"चिप बिघडलेली नाही," सर म्हणाले. "माझ्या डब्याबद्दल ती अक्षर न् अक्षर खरं सांगतेय."

शकीलभाईंनी कुपीतली जरा पूड घेतली आणि मशीनवर रेणूचं वजन काढलं. त्या वजनाचे आमच्या संचात चार रेणू होते. त्याच रसायनांची जागा बदलून जोडलेली चार भावंडं, वजनाला अगदी सारखी. त्यातला हा कोणता ते मशीन सांगू शकत नव्हतं, आणि उरलेली पूड इतकी थोडी होती की दुसरी कुठली तपासणीही शक्य नव्हती. चारही पुन्हा करून बघायचे तर महिने जाणार, आणि मालक तेवढं थांबणार नव्हते.

सर डबा घेऊन पॅन्ट्रीत गेले आणि शांतपणे जेवू लागले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण ते तिथे एकट्याने भाकरी मोडत होते. हजेरी चुकली म्हणून आईने घरी पाठवलेल्या पोरासारखे ते दिसत होते. मी समोर जाऊन बसले. त्यांनी न विचारता अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली. दोन घास खाऊन झाल्यावर ते एकाएकी थांबले.

"व्हाया निफाड, बाकीचे तर बोलतात ना?"

"कोण बाकीचे?"

"हैदराबादचे. तीनशेच्या वर कुप्या त्यांच्याकडे आहेत. त्या सगळ्यांच्या चिपा जिवंत आहेत. प्रत्येक मार्गाने एकच डबी गेली होती, दुसरी नाही. मग सगळ्यांची हजेरी घ्यायची. ज्याचं नाव येणार नाही, तो हा." आणि हात न धुताच ते फोनकडे निघाले.

साहेब आडवे आले. "आधी काय सांगायचं ते ठरवू." सरांनी ठरवलेलंच होतं. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि हैदराबादच्या मॅडमना आपल्या देवळ्याच्या हिंदीत सगळं सांगितलं. "मॅडम, गलती मेरी है. आपके रेणू को मेरे डब्बे की चिप लगी है. आपने जो भेजा, वो हमारे यहाँ भरा हुआ बैंगन दिखा रहा है."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग फोनमधून हसू आलं. आधी दाबलेलं, मग न दाबता. "बैंगन?" त्या म्हणाल्या. "सर, हमारी पूरी टीम तीन महीने से बैंगन पे काम कर रही है?"

"जी. जेलरोड का बैंगन."

पुढची अख्खी दुपार हजेरी चालली. तिकडे आजवर कुप्या ट्रेमधल्या जागेवरूनच ओळखत, रीडर पडून होता. मॅडमनी कपाटातून कुप्यांचे ट्रे काढले, त्या रीडरवर एकेक कुपी धरली आणि तिचा मार्ग वाचून दाखवला. इकडे मी संगणकावर खुणा करत गेले. सर दर कुपीला फोनमध्ये विचारत, "शे का?" तिकडून टुक ऐकू यायचं. पहिल्या ट्रेला मॅडमनी विचारलं, हे काय म्हणताय? सरांनी सांगितलं. दुसऱ्या ट्रेपासून त्या स्वतःच म्हणू लागल्या, "शे का?" तेलुगू वळणाची ती अहिराणी ऐकून शकीलभाई आपलं मशीन सोडून खोलीत येऊन बसले. चिवडा तसाच पडला होता, तो आता सगळ्यांनी खाल्ला.

चार भावंडांतलं पहिलं लवकरच बोललं. "एक गेला," सर म्हणाले. दुसरं तिसऱ्या ट्रेमध्ये. मग बराच वेळ काहीच नाही. टुक, टुक, टुक, सगळे दुसरेच कोणी. साहेब खोलीच्या दारात उभे होते, आत येत नव्हते आणि जातही नव्हते. तिसरं भावंड शेवटच्या ट्रेच्या मध्यावर बोललं. आता एकच उरलं होतं.

"बस ना, सर," मॅडम म्हणाल्या. "समझ में आ गया, कौन है."

"नहीं मॅडम. पूरी लेंगे."

राहिलेल्या प्रत्येक कुपीला त्यांनी विचारलं. शेवटची टुक वाजली आणि माझ्या स्क्रीनवर एकाच मार्गासमोर खूण नव्हती. त्याच चौथ्या भावंडाचा. सरांनी तो मार्ग मोठ्याने वाचला, तिन्ही पायऱ्या, एकेक शब्द सुटा करून. मग कुपी तळहातावर घेतली आणि हजेरीला गप्प बसलेल्या पोराला रागवावं तसं तिला म्हणाले, "तू व्हय. बोलाना नही?"

शकीलभाईंनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. साहेब आत आले आणि त्यांनी हातात घेतलेला पेढा सरांच्या तोंडात कोंबला.

तो रेणू आम्ही मोठ्या प्रमाणात केला. पाठवला. तो तोच निघाला, पहिल्याइतकाच अफलातून. ऑर्डर आली आणि विभाग वाचला. मालकांनी अभिनंदनाचा मेल पाठवला, त्यात साहेबांच्या दूरदृष्टीचं कौतुक होतं. साहेबांनी तो मेल छापून सरांच्या टेबलावर ठेवला आणि वर आपल्या हाताने लिहिलं, 'मालक चुकून भलत्या डब्याला चिप लावतायत.' पुणे-संगमनेरला विनोद करता येतो हे आम्हाला तेव्हा कळलं. हैदराबादला त्या रेणूचं लांबलचक रासायनिक नाव कोणी घेत नाही. तिकडच्या अहवालांतसुद्धा त्याचं टोपणनाव 'बैंगन' आहे. सुरक्षा अधिकाऱ्याने सरांच्या डब्यावर चिप लावायला कायमची बंदी केली. सरांनी ती बंदी पाळली आणि चिप भाकरीच्या फडक्याला शिवली.

साठी पूर्ण झाल्यावर सर रीतसर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मॅडम खास हैदराबादहून आल्या होत्या. सरांनी त्यांना दारातच विचारलं, "कहाँ कहाँ से आए?" आणि त्यांनी विमानतळ, टॅक्सी, वाटेतला चहा, सगळं सांगितलं. आम्ही सरांना नवा काचेचा डबा दिला. झाकणावर ती मेलेली काळी चिप बसवून घेतली होती. भाषण करा म्हटलं तर ते म्हणाले, "हजेरी नंतर पण घ्यायची. बाकी मला काही सांगायचं नाही." मग काकूंना स्कूटरवर मागे बसवून निघाले आणि पाच मिनिटांनी परत आले, कारण डबा टेबलावरच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रीडरच्या खोलीत गेले. आता विभाग माझ्याकडे होता. नवीन रुजू झालेल्या दोघी केमिस्ट माझ्या मागे उभ्या होत्या. ट्रे एकदम वाचायचं बटण समोर होतं. मी चपला काढल्या आणि पहिली डबी उचलली. "शे का?" टुक. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसू दाबलं. मी दाबू दिलं. एकेक करत सगळा ट्रे झाला. एकही डबी गप्प राहिली नाही, स्क्रीनवर सगळ्या खुणा झाल्या. तरी मी तिथून उठले नाही. काहीतरी राहिलंय असं वाटत होतं, आणि काय राहिलंय ते मला चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात फोन वाजला. जेलरोडहून होता. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"शे का?" पलीकडून आवाज आला.

मी म्हणाले, "शे, सर."